घाटाच्या पायथ्याशी

मे महिना लागला की आमच्या हैदराबादच्या घराला पाचगणीचे वेध लागतात. माझं आजोळ तिथलं. पहाटे चारला निघायचं; जहिराबाद, हुमनाबाद, सोलापूर, पंढरपूर, फलटण करत संध्याकाळी वाई. वाटेत पाट्या आधी तेलुगू, मग कन्नड, मग मराठी होतात. मराठी पाट्या लागल्या की आई दशम्या आणि शेंगांची चटणी काढणार, हे ठरलेलं.

गाडी दरवर्षी बाबांच्या हातात. मी शेजारी बसून झोपणार किंवा मोबाइल बघणार. यंदा पसरणी घाटाच्या पायथ्याशी त्यांनी गाडी बाजूला घेतली. "समोरच्या गाड्यांचे दिवे आता डोळ्यांत घुसतात रे. तू घे."

मी काच खाली केली. हजार मीटर चढलं की हवा साधारण ६.५ अंशांनी थंड होते, असं लेकीला सांगत होतो. बाबांचं लक्ष मात्र माझ्या गिअरवर.

आजी दारातच होती. "कोणी आणली गाडी?"

"तुमच्या नातवानं," बाबा म्हणाले.

परतताना त्यांनी धडा दिला. ज्या गिअरमध्ये चढलास, त्यातच उतर. सतत ब्रेक दाबलास तर ते तापून ऐन वेळी दगा देतात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट दे.

बारा वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं. तुम्ही शेजारच्या सीटवर असाल तर झोपू नका. शिकवणारा शेजारीच बसलाय.