विश्लेषण : विषाणूची माहिती उघड व्हायला उशीर का होतो?

१ मार्च २०२१ रोजी हिंगोली जिल्ह्यात आठवडाभराची संचारबंदी लागू झाली. शेजारच्या विदर्भात रुग्ण झपाट्याने वाढत होते आणि वाशीम, यवतमाळच्या सीमा जिल्ह्याला लागूनच आहेत. प्रशासनासमोर रुग्णसंख्या होती; वाढीचे कारण नव्हते. इंग्लंड, दक्षिण आफ्रिका वा ब्राझीलमधील विषाणू विदर्भातील नमुन्यांत आढळलेला नाही, इतकेच राज्याच्या आरोग्य विभागाने फेब्रुवारीत सांगितले होते.

महाराष्ट्रातील १५ ते २० टक्के नमुन्यांत विषाणूचे दोन महत्त्वाचे बदल एकत्र दिसत असल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले ते २४ मार्चला. तोवर हिंगोलीची ती संचारबंदी संपून दोन आठवडे उलटले होते. या कुळातील विषाणूचे भारतातील सर्वांत जुने नमुने मात्र ऑक्टोबर २०२० मधले आहेत. त्याच्याच एका शाखेला पुढे ‘डेल्टा’ हे नाव मिळाले.

ही माहिती आधी मिळाली असती तर संचारबंदी टळली असती असे नाही. पण खाटा आणि प्राणवायूची तजवीज किती करायची, हा हिशेब वेगळा झाला असता.

इबोलाने काय शिकवले?

संशोधन तातडीने खुले करण्याचा आग्रह इबोलाच्या साथीत जोर धरू लागला. २०१४ मध्ये सिएरा लिओनमधील ७८ रुग्णांच्या नमुन्यांतून मिळालेले विषाणूचे ९९ जनुकीय आराखडे शास्त्रज्ञांनी शोधनिबंध छापून येण्याआधीच सर्वांसाठी खुले केले. निबंध ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला, तोवर त्याच्या लेखकांपैकी पाच जण इबोलानेच दगावले होते. लायबेरियाची गोष्ट याच्या उलट. तिथे इबोलाचा धोका असल्याचे युरोपातील एका नियतकालिकाने १९८२ मध्येच छापले होते. खुद्द लायबेरियाच्या आरोग्य अधिकाऱ्यांना ते कळले २०१५ मध्ये, हजारो बळी गेल्यावर.

मग घाई का नको?

तज्ज्ञांच्या तपासणीआधी प्रसिद्ध होणाऱ्या निबंधात चूक राहू शकते. करोना विषाणूत एचआयव्हीचे अंश असल्याचा दावा करणारा दिल्लीतील संशोधकांचा असा निबंध २०२० मध्ये काही दिवसांतच मागे घ्यावा लागला. अर्थात, तो उघड्यावर होता म्हणूनच इतर शास्त्रज्ञांनी त्यातील चूक इतक्या लवकर दाखवली, हेही विसरता येत नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने महाराष्ट्रातील बदलांवरचा आपला निबंध एप्रिल २०२१ मध्ये असाच, तपासणीची वाट न पाहता खुला केला. त्याच महिन्याच्या अखेरीस शेकडो भारतीय शास्त्रज्ञांनी पंतप्रधानांकडे, चाचण्यांची सरकारकडे साठलेली सविस्तर आकडेवारी अभ्यासासाठी द्यावी, अशी मागणी केली.

जिल्ह्याची गरज यापेक्षा साधी आहे. जनुकीय आराखडा हिंगोलीत कुणी वाचत बसणार नाही. नमुने कोणत्या तालुक्यातले, त्यात काय सापडले आणि ते किती वेगाने पसरते आहे, हे सांगणारा एक मराठी कागद आठवडाभरात जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर आला तरी काम भागते.