रात्री आजारी पडणाऱ्या बालकांसाठी

बालकांचा आजार दवाखान्याची वेळ पाहून येत नाही. सायंकाळी अंगणात बागडणारे मूल मध्यरात्री तापाने फणफणते, त्याला धाप लागते, आणि उमेळ्यातील आईवडिलांपुढे प्रश्न उभा राहतो : जावे कोठे? बंगलीच्या कार्डिनल ग्रेशस रुग्णालयाचा आपल्याला आधार आहे. 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिकाही आहे. परंतु कोणता ताप सकाळपर्यंत थांबू शकतो व कोणता नाही, हे घाबरलेल्या मातेला त्या घटकेला कोण सांगणार? आमच्या मते खरी उणीव येथे आहे.

याचे उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतील 39 गावांत अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले. त्या बाळाचे वजन घेत, श्वास मोजत, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. हजार जन्मांमागे 62 असलेला नवजात मृत्युदर तीन वर्षांत सुमारे 25 वर आला. 1999 साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले आणि 2011 पासून देशभरच्या आशाताई याच धर्तीवर घरभेटी देऊ लागल्या. आरोग्यदूत गावातच राहत असल्यामुळे तिला रात्र आणि दिवस सारखेच होते.

उमेळे म्हणजे गडचिरोली नव्हे, हे आम्ही जाणतो. येथे डॉक्टर आहेत. ते रात्री एकेकटे थकतात, एवढेच. नेदरलँड्समधील कुटुंब-डॉक्टरांनी 2000 च्या सुमारास सहकारी केंद्रे काढून रात्रपाळी आपसांत वाटून घेतली. तेथे आधी दूरध्वनीवर परिचारिका विचारपूस करते. सहकार वसईकरांना का शिकवावा लागतो? 1918 साली बसीन कॅथॉलिक बँक आपल्याच पूर्वजांनी उभारली!

आपल्या धर्मग्रामांत निवृत्त परिचारिकाही आहेत. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा अधिक, वर्षाच्या आतील बाळाचा 50, पाच वर्षांपर्यंत 40 झाला, मूल दूध ओढेनासे झाले वा झटका आला, तर तात्काळ रुग्णालय. एवढे ती फोनवरूनही सांगू शकेल. औषध मात्र डॉक्टरांनीच द्यावे. त्यांच्या पाळीचे मानधन कोणी द्यायचे, हा प्रश्न धर्मग्राम परिषदेने आता चर्चेला घ्यावा.