चैनीची नौका, पोटाची नौका

२०१३ साली ज्या परळीचे वीजकेंद्र पाण्याअभावी बंद पडले, तेथील माणसाने वॉटर स्कीइंगची नौका महागल्याचे दुःख का मानावे? २२ सप्टेंबर २०२५ पासून क्रीडा-विहाराच्या नौकांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून ४० टक्के झाला. धनिकांची चैन महागली, तर खुशाल महागो! परंतु मालवणच्या तरुणाचे हीच नौका पोट भरते. अल्प उलाढालीमुळे ज्याची करनोंदणी नाही, त्याला या कराची वजावटही मिळत नाही. चैनीची नौका करपात्र, धंद्याची मुक्त, हा विवेक संपत्तिकर कायद्यात होता. २०१५ च्या अर्थसंकल्पाने तो करच रद्द केला. धनिकाची संपत्ती मोकळी आणि कष्टकऱ्याचे साधन महाग, यास समता म्हणावयाचे काय? संपत्तिकर पुन्हा लावा. पोटाची नौका वाढीव करातून सोडवा.