रुग्णाचा जबाब हाही पुरावाच

पावसाळा तोंडावर आला आहे. राब भाजून झाले, आता पेरणी, मग आवणी. आणि नेमक्या त्याच दिवसांत ताप, हगवण, साप-विंचू घरोघर येणार. ओहोळ भरले की पाडे तुटतात. बाळंतीण अडली तर चौघांनी डोली करून चिखलातून न्यायची, आणि एवढं करून दवाखान्यात पोचल्यावर ऐकायचं, "डॉक्टर मिटिंगला गेलेत, उद्या या." दरवर्षी असंच होतं, म्हणून यंदाही निमूट सोसायचं का? या अंकात आम्ही तेवढंच विचारत आहोत.

कागदावर सगळं आहे. आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे सरकारचंच माप. १९९२ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणानं लेकरं गेली. राज्यभर बोंब झाली, तेव्हा १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली. पुढंही योजना येत गेल्या, गाड्या आल्या, भिंतीवर तक्ते लागले. पण उपकेंद्र कोणत्या पाड्याला जवळ पडेल, नर्सबाईंनी कोणत्या वारी यावं, औषधाच्या कपाटात काय नसतं, हे औषध घ्यायला जाणाऱ्याला कोणी विचारलं नाही. ठरवणारा वेगळा आणि मरणारा वेगळा, अशीच रीत राहिली.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, आणि त्यात पहिल्यांदा लिहिलं गेलं की गावानं आरोग्यसेवेवर देखरेख करायची. गावाची आरोग्य समिती हवी. तिला वर्षाला १०,००० रुपये, गावानं आपल्या गरजेप्रमाणे खर्चायला. दवाखान्यात रुग्ण कल्याण समिती हवी. २००७ मध्ये महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांतल्या २२५ गावांपासून देखरेखीचं काम धरलं गेलं. रीत सोपी आहे. गावकरी बसून एकेका सेवेबद्दल बोलतात: लसीकरण, बाळंतपण, औषधं, कर्मचाऱ्यांची वागणूक. चांगलं असेल तर हिरवा रंग, अर्धवट असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. असा तक्ता घेऊन लोक जनसुनवाईत उभे राहतात आणि अधिकाऱ्यांनी तिथंच, लोकांसमोर उत्तर द्यायचं असतं.

पण समिती कागदावर झाली म्हणजे गावाची झाली असं नाही. तुमच्या गावच्या समितीत कोण आहे, विचारून बघा. बऱ्याच ठिकाणी नावं ग्रामपंचायतीच्या कपाटात आणि पासबुक कोणाच्या तरी पिशवीत. रुग्ण कल्याण समितीत साहेब असतात, पुढारी असतात. नावातला रुग्ण तेवढा बाहेर ओट्यावर बसलेला असतो. आणि आपली वनगावं, आपले पाडे? महसुली गाव नाही म्हणून समितीही नाही. शिरगणतीत माणसं मोजली जातात, समितीत बसायची वेळ आली की पाडा दिसत नाही. १९९६ चा पेसा कायदा तर सांगतो की आपल्या रीतीभातीनं आपला कारभार पाहणारी वस्ती, पाडा, हेच गाव. तेव्हा पाड्याची सभा बसू शकते आणि पाड्याचा माणूस समितीत मागू शकते.

खरी अडचण भीतीची आहे, हे आम्ही जाणतो. बाया सांगतात, "तक्रार केली तर सिस्टर रागावंल, उद्या पोर आजारी पडलं तर जायचं कुठं?" खोटं नाही ते. एकटा रुग्ण लाचार असतो, त्यानं हात पसरलेला असतो. पण हीच गोष्ट जमिनीबाबत होती. एकटा माणूस गार्डासमोर उभा राहिला तर त्याचा कोयता जप्त व्हायचा. "पुरावा काय?" म्हणून हाकलायचे. मग २००६ चा वनहक्क कायदा झाला, २००८ मध्ये नियम आले, आणि वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब पुरावा म्हणून मान्य झाला. ज्या आजोबांना सही येत नाही त्यांचा शब्द सरकारी फायलीत गेला. कारण तो ग्रामसभेत दिला होता, सगळ्यांसमोर.

आम्ही म्हणतो, रुग्णाचा जबाबही तसाच घ्या. कोणत्या दिवशी गेलो, कोण भेटलं, काय दिलं, बाहेरून आणायची चिठ्ठी दिली का, पैसे मागितले का, पावती दिली का. घटना घडली त्याच आठवड्यात वहीत लिहा, अंगठा घ्या. पाच-दहा जबाब झाले की ती एकट्याची तक्रार राहत नाही. ती गावाची होते, आणि गावावर कोणी रागावू शकत नाही.

मात्र नर्सबाईला शत्रू धरू नका. पुष्कळ उपकेंद्रांत ती एकटीच असते, नळाला पाणी नसतं, पाडे लांब पसरलेले असतात. औषध वरूनच आलं नसेल तर ती कुठून देईल? तेही वहीत लिहा. अशा वेळी गावानं तिच्या बाजूनं तालुक्याला जाऊन विचारायचं.

आणि फक्त तक्रारच का? दवाखाना कसा चालावा, हे आजारी माणसाला सर्वांत जास्त कळतं. बाजाराच्या दिवशी सगळे पाडे खाली उतरतात, तर त्या दिवशी डॉक्टर हवाच. दिवाळीनंतर माणसं वीटभट्टीवर जातात, तर पोरांची लस जायच्या आधी व्हावी. बाळंतिणीसोबत सासू येते, तिला निजायला नि चूल मांडायला आडोसा हवा. तो नसतो म्हणून बाया घरीच राहतात. हे वरच्या कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही.

आणखी एक. उपकेंद्राला "वनखात्याची जागा आहे, परवानगी नाही" असं कोणी सांगितलं तर वनहक्क कायद्याचं कलम ३(२) पुढं करा. दवाखान्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, आणि त्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते. म्हणजे शाई आपल्या हातात आहे.

तर येत्या ग्रामसभेत चार गोष्टी करा. समितीची नावं आणि पासबुक मोठ्यानं वाचायला लावा. प्रत्येक पाड्यातून एक बाई समितीत घ्या, आणि ती गेल्या वर्षी दवाखान्यात जाऊन आलेली असू द्या. जबाबाची वही सुरू करा. आणि पावसाआधीच आरोग्य केंद्राला लेखी विचारा: सर्पदंशाची लस आहे का, गाडी चालू आहे का, रात्री कोण राहतं? अर्जाची पोच घ्या.

जमिनीचा दावा केला तेव्हा आपण भीक मागितली नव्हती. औषधाचंही तसंच आहे.

जिंदाबाद!