प्रवचन 'लाइव्ह' आहे, पण आजींनी ते ऐकायचं कसं?



चातुर्मास लागला की मंदिराच्या ग्रुपवर रोज सकाळी एक ओळ येते : महाराजांचं प्रवचन यूट्यूबवर लाइव्ह आहे, सर्वांनी लाभ घ्यावा. माझं भांडण या 'सर्वांनी' शब्दाशी आहे. ज्यांना प्रवचनाची सगळ्यात जास्त ओढ आहे, ज्यांचे गुडघे आता राजाबाजारच्या मंदिराच्या पायऱ्या चढू देत नाहीत, त्या आजी या 'सर्वां'मध्ये नसतात. त्यांना लिंक उघडता येत नाही. नातवाने उघडून दिली तरी बोट चुकून कुठेतरी लागतं आणि महाराजांच्या जागी कुणीतरी नाचायला लागतं. भक्तामर ऐन रंगात आलेलं असताना मध्येच अंड्यांची नाहीतर बिर्याणीची जाहिरात येते. माझ्या सासूबाई तेव्हा फोन उशीखाली दाबतात आणि णमोकार म्हणत बसतात. जाहिरात कधीच संपलेली असते, पण फोन काही त्या पुन्हा हातात घेत नाहीत.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, घरातल्या वृद्धांच्या हातात धर्मासाठी स्मार्टफोन देऊ नका. छोटा प्लेअर द्या. मेमरी कार्डाचा, पाच-सात इंची पडद्याचा, मोठ्या बटणांचा. ज्यांना नीट दिसत नाही त्यांना नुसता कार्डाचा स्पीकरही पुरतो. त्याला नेट नाही, म्हणजे जाहिरात नाही, फसवे फोन नाहीत, मध्येच वाजणारे मेसेज नाहीत. पैठण गेटच्या दुकानांत हिंडलात तर मिळून जातो.

अडचण पुढे येते. कार्डात प्रवचन टाकलं, प्लेअर लावला, तर आवाज येतो आणि चित्र नाही, नाहीतर 'फाइल चालत नाही' असं इंग्रजीत लिहून येतं. फाइल तर एमपी४ होती ना! आपल्याला स्वयंपाकघरातलं समजतं, म्हणून तसंच सांगते. एमपी४, एव्हीआय ही डब्याची नावं आहेत. डब्यावर 'साखर' लिहिलंय म्हणून आत साखरच असेल असं नाही, हे आपल्याइतकं कुणाला माहीत! आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरलंय ते महत्त्वाचं. हल्लीचे मोबाइल पुष्कळदा एच.२६५ या नव्या पद्धतीने भरतात. जागा कमी लागते, पण जुन्या आणि स्वस्त प्लेअरला ते पचत नाही. त्यांना एच.२६४ लागतं, आणि फारच जुने असतील तर एव्हीआयच्या डब्यात एक्सव्हिड.

तेव्हा आधी प्लेअरसोबतचा कागद वाचा, कोणता पडदा आणि कोणती पद्धत चालते ते त्यात असतं. मग कॉम्प्युटरवर हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या. एमपी४, एच.२६४, आवाजाला एएसी, आणि चित्राचा आकार ६४० बाय ४८० च्या आत. सात इंचाच्या पडद्यावर याहून मोठं चित्र टाकून फक्त कार्ड भरतं. जुन्या पंचकल्याणकाची डीव्हीडी असेल तर तिच्यात व्हीओबी नावाचे तुकडे निघतात, प्रत्येक साधारण एक जीबीचा. त्यांचं रूपांतर करताना 'डीइंटरलेस' ही खूण चालू ठेवा. नाहीतर माणूस हलला की त्याच्या कडांना कंगव्यासारखे दात दिसतात. इंद्र-इंद्राणी हत्तीवरून निघालेत आणि दोघांनाही दात फुटलेत, असं चित्र मी एका घरी पाहिलंय.

कार्ड ३२ जीबीच्या आतलं घ्या आणि फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. जुन्या यंत्रांना मोठी कार्डं ओळखता येत नाहीत. त्या पद्धतीत एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी राहू शकत नाही, पण आपल्याला तेवढी मोठी हवीच कशाला? बरेच प्लेअर बंद केले की कुठे थांबलो होतो ते विसरतात. दोन तासांचं प्रवचन असेल तर आजी रोज पहिलीच पंधरा मिनिटं ऐकत राहतात. मी चोवीस-चोवीस मिनिटांचे तुकडे करते, म्हणजे एकेक घडी. दोन तुकडे झाले की सामायिकाचा वेळ बरोबर भरतो आणि घड्याळ बघावं लागत नाही.

नावांचंही सांगते. जुन्या प्लेअरवर देवनागरी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, म्हणून नाव आकड्यातच द्यायचं. तेही शून्य लावून, ०१, ०२ असं, आणि हे आकडे इंग्रजी कळफलकावरचे. शून्य विसरलात तर यंत्र १ नंतर १० लावतं. दशलक्षणाच्या फाइल अशाच ठेवल्या तर उत्तम क्षमेनंतर एकदम ब्रह्मचर्य! मधले आठ धर्म मागून येतात.

नुसतं ऐकायचं असेल तर काम फारच सोपं आहे. प्रवचनाला संगीतासारखी बारीक प्रत लागत नाही. ६४ केबीपीएसची मोनो एमपी३ केली तर तासाला २९ एमबीच्या आसपास जागा जाते. ३२ जीबीच्या कार्डात हजार तासांहून जास्त मावतं. पण इथेच मला थांबावंसं वाटतं. हजार तास कुणासाठी? आपल्याला साडी-दागिन्यांचा परिग्रह दिसतो, पेनड्राइव्हमधला दिसत नाही. सासूबाईंच्या कार्डात मी दहा दिवसांचं टाकते. ते संपलं की पुढचं. त्या एकच प्रवचन तीन-तीनदा ऐकतात आणि तिसऱ्यांदा मला त्यातला एखादा शब्द विचारतात, जो मला येत नसतो.

सगळ्यात महत्त्वाचं, मूळ फाइल कधीही पुसू नका. दरवेळी रूपांतर करताना थोडं काहीतरी गळतं. नकलेची नक्कल म्हणजे पाणी घातलेल्या दुधात पुन्हा पाणी. प्लेअरसाठी वेगळी प्रत करा, मूळ तशीच दोन ठिकाणी राहू द्या. गावातल्या एका दुकानात ओळखीच्या एका आजींनी कॅसेट दिली होती. त्यांच्या लेकीने आर्यिका दीक्षा घेतली त्या दिवसाची. दुकानदाराने ती लग्नाच्या व्हिडिओसारखी कापली, केशलोचाचा भाग 'लांबट वाटतो' म्हणून निम्मा केला, खाली सनई घातली आणि मूळ कॅसेट परत दिलीच नाही. त्याला दोष काय द्यायचा, त्याला लोच म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. आजींनी मात्र तो दिवस परत मागायचा कुणाकडे? लेक आता माताजी आहेत, त्यांच्यापाशी कॅसेट नाही आणि आठवणींचा संग्रहही नाही. काहीजणी म्हणतील, दीक्षेनंतर आईने लेकीचा चेहरा पडद्यावर पाहत बसणं हा मोहच. असेल. पण आईने मोह सोडायचा तर तो तिने सोडावा, दुकानदाराच्या कात्रीने नव्हे.

जपून ठेवल्याने काय होतं त्याचं उदाहरण आपल्या मराठवाड्यातच आहे. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना घेतली. १८ सप्टेंबरला त्यांचं समाधिमरण झालं. त्याच्या दहा दिवस आधी, ८ सप्टेंबरला, इतक्या दिवसांच्या उपवासानंतर त्यांनी मराठीतून शेवटचा उपदेश केला आणि तो ध्वनिमुद्रित झाला. तेव्हा घरोघरी टेप नव्हते. कुणीतरी यंत्र डोंगरावर नेलं, फीत सांभाळली, पुढे कुणी तिच्या प्रती केल्या, म्हणून आज मी स्वयंपाक करता करता तो आवाज ऐकू शकते. प्रत्येक पिढीत कुणीतरी हे बदलून घेण्याचं कंटाळवाणं काम केलं. ते तंत्रज्ञांचंच होतं असं मला वाटत नाही. आपलंही आहे.

म्हणून चातुर्मास समित्यांना माझं सांगणं आहे. मंडप, स्वागतकमानी, फ्लेक्स यांचा खर्च आपण बघतोच आहोत. कॅमेरावाल्याकडे मूळ फाइल असतेच. लोकांनी यूट्यूबवरून आडमार्गाने उतरवून घेण्यापेक्षा समितीनेच ती रीतसर द्यावी. दर रविवारी मंदिराच्या कार्यालयात एका कॉम्प्युटरवर आठवड्याची प्रवचनं एमपी३ आणि छोट्या एमपी४ मध्ये तयार ठेवा. ज्याच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्याने कार्ड आणावं, भरून न्यावं. पाठशाळेतली आठवी-नववीची मुलं हे काम हसत करतील. त्यागी मंडळींना यात गुंतवायची गरज नाही, व्यवस्था श्रावकांची आहे.

विजेच्या यंत्रात अग्निकायिक जीवांची विराधना होते, म्हणून धर्मासाठीही यंत्र नको, असं काही घरांत मानतात. त्यांच्याशी मी वाद घालणार नाही, त्यांचा संयम माझ्याहून मोठा आहे. पण ज्या घरात दिवसभर टीव्ही चालतो, तिथून हा आक्षेप आला की मला हसू येतं. आणि पाय धड आहेत त्यांनी प्लेअरवर प्रवचन ऐकून मंदिर चुकवू नये. त्यांच्यासाठी हे नाहीच.

सासूबाईंचं कार्ड या आठवड्यात पुन्हा भरायचंय. त्यांना कचनेरच्या यात्रेचं जुनं शूटिंग हवंय, त्यात त्यांच्या दोन जावा चालताना दिसतात. फाइल एच.२६५ निघाली आहे. रात्री रूपांतराला लावून झोपेन.