रानातली रिकामी थैली

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. एक पक्षी आहे. टिटवीपेक्षा थोडा लहान, पाय उंच, डोळे टपोरे आणि छातीवर दोन तपकिरी पट्टे. १८४८ च्या सुमारास जेर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं त्याची शास्त्रीय नोंद केली. १९०० साली आजच्या आंध्र प्रदेशातल्या अनंतपूरजवळ तो दिसला आणि मग जो गडप झाला, तो झालाच! तब्बल ८६ वर्षं एकाही पक्षितज्ज्ञाला त्याचं दर्शन झालं नाही. जगातून नाहीसा झाला असावा, असंच बहुतेकांनी धरून चाललं. आणि गंमत बघा, त्याच भागातल्या खेड्यांमधल्या काही लोकांना हा पक्षी चांगला ठाऊक होता! मग सांगा बघू, तो हरवला होता की नव्हता?

या पक्ष्याचं नाव जेर्डनचा धाविक. त्याचा एक भाऊबंद, साधा धाविक, आपल्या महाराष्ट्रातल्या माळांवर राहतो. सोलापूर, नगरकडच्या तुमच्यापैकी काही जणांनी तो पाहिलाही असेल. तुरुतुरु पळायचं, थांबायचं, वाकून किडा टिपायचा, की पुन्हा पळायचं, असा त्याचा उद्योग. आणि तो चालतो भर दिवसा. त्यामुळे हरवलेल्या भावाचा शोधही दिवसाच घ्यावा, असं कुणालाही वाटेल. अगदी १९७० च्या दशकातही शोध झाला. हाती काही लागलं नाही.

जेर्डनसाहेबानं मात्र एक शहाणपणा केला होता. पक्ष्याची नोंद करताना गावचे लोक त्याला काय म्हणतात, तेही त्यानं लिहून ठेवलं. त्या तेलुगू नावाचा अर्थ होतो, ‘रानातली रिकामी थैली’! असं नाव का पडलं असावं, याचा तर्क तुम्हीच लढवा. कडप्पा भागात त्याचं आणखी एक नाव आहे, कलिवी कोडी. कलिवी म्हणजे करवंदाच्या जातीचं काटेरी झुडूप आणि कोडी म्हणजे कोंबडी. करवंदीतली कोंबडी! आहे की नाही मजा? अहो, नावातच घरचा पत्ता दिलाय. उघड्या माळावर नका फिरू, काटेरी झुडपांत या!

पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं नव्यानं शोध सुरू केला. हे काम भारत भूषण या तरुण संशोधकाकडे आलं. दुर्बीण तर त्यांच्याकडे होतीच, पण त्यांनी पक्ष्याचं चित्रही बरोबर घेतलं आणि कडप्पा जिल्ह्यातल्या गावांमधून ते लोकांना, विशेषतः पक्षी पकडणाऱ्यांना दाखवत विचारपूस केली. हा पक्षी आहे आणि तो रात्री दिसतो, असा सुगावा लागला तो इथेच.

आता रात्री रानात कोण असतं? आपण नसतो. शेतावरून उशिरा परतणारा असतो, राखण करणारा असतो, शिकारी असतो. १९८६ च्या जानेवारीत रेड्डीपल्ली गावाजवळ अशाच एका शिकाऱ्याला विजेरीच्या झोतात हा पक्षी दिसला. त्यानं तो जिवंत पकडला. पक्षी पुढे जगला नाही, ही या आनंदातली कडू गोष्ट. पण बातमी जगभर गेली. आपले थोर पक्षितज्ज्ञ सलीम अली तेव्हा नव्वदीला आले होते. त्यांच्या हयातीत हा पक्षी सापडला, याचं मला फार बरं वाटतं.

मोठ्यांपैकी कुणी म्हणेल, म्हणजे खेड्यातला माणूस सांगेल ते सगळं खरं मानायचं का? तर नाही. चित्र दाखवलं की पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून ‘हो हो, पाहिलाय’ म्हणणारेही भेटतात. कुणाची टिटवीशी गल्लत होते, कुणाची रातव्याशी. म्हणून असं काम करणारे एक युक्ती करतात. पाच-सहा पक्ष्यांची चित्रं पुढे ठेवायची आणि त्यात त्या भागात कधीच न आढळणारा एखादा पक्षी गुपचूप मिसळायचा. जो त्यालाही ‘रोज येतो बघा आमच्या विहिरीवर’ म्हणेल, त्याच्या बाकीच्या उत्तरांवर किती भरवसा ठेवायचा, ते तुम्हाला कळलंच!

जेर्डनच्या धाविकाचीही अशी पडताळणी पुढे होत राहिली. रात्रीचा, लाजाळू पक्षी, तो मोजायचा कसा? संशोधकांनी झुडपांमध्ये बारीक मातीचे पट्टे अंथरले आणि सकाळी त्यावर उमटलेली पावलं तपासली. त्याचा आवाज ध्वनिमुद्रित केला आणि तिन्हीसांजेनंतर तो वाजवून, कुणी उत्तर देतं का, ते ऐकलं. यातून एक महत्त्वाची गोष्ट कळली. या पक्ष्याला फार दाट झुडपं नकोत आणि अगदी बोडकं रानही नको. थोडी झाडी, मध्ये मोकळी जागा, असं लागतं. म्हणजे शेळ्यामेंढ्यांची चराई आणि सरपणतोड फार झाली तरी पंचाईत, साफ बंद झाली तरी रान गच्च व्हायची भीती! मग आधी कुठे किती चरत होतं, झाडी कधी वाढली, हे कुणाला विचारणार? तिथल्या धनगराला, गुराख्यालाच ना?

या भागाला श्रीलंकमल्लेश्वर अभयारण्याचं संरक्षण मिळालं. या पक्ष्यापायी एका मोठ्या कालव्याची वाट बदलावी लागली. तरीही संकट टळलेलं नाही. मध्ये बरीच वर्षं त्याची नोंदच झाली नव्हती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पक्षीनिरीक्षकांच्या एका गटाला आंध्रात त्याचा आवाज ऐकू आला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आपल्याकडे विदर्भात, अकोला-वाशीम भागात फासेपारधी समाजाची मंडळी आहेत. फास लावून पक्षी धरणं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. पावसाळ्यात गवताळ रानात तणमोर येतो. त्याचा नर गवतातून उंच उड्या मारतो, तेवढ्यापुरता दिसतो आणि पुन्हा गवतात दडतो. तुम्ही-आम्ही शेजारून जाऊ आणि पत्ताही लागणार नाही. पारध्याच्या नजरेतून मात्र तो सुटत नाही. आज यातलीच काही माणसं शिकार सोडून कुरणं राखतात, तणमोराच्या नोंदी ठेवतात.

इथे मला जरा रागानं एक गोष्ट म्हणायची आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कितीतरी भटक्या जमातींवर ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला. पारध्यांच्या माथीही तो बसला. स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, तो कायदा गेला, पण संशय काही गेला नाही. ज्याला रानातलं सगळ्यात जास्त कळतं, त्याच्याकडून माहिती तेवढी काढून घ्यायची आणि मग राखण करायला त्यालाच रानाबाहेर हाकलायचं, हा कुठला न्याय? त्याच्या पोटाची सोय कोण करणार? आईबाबांना हा प्रश्न जरूर विचारा. उत्तर सोपं नाही, तेही अडखळतील.

बरं, आता या आठवड्याचा उद्योग. आजी-आजोबा, गावाकडचे काका, दूधवाल्या मावशी, कुणालाही गाठा आणि पाच पक्ष्यांची तुमच्या भागातली नावं विचारा. भारद्वाजाला कुठे कुंभारकावळा म्हणतात, तर कुठे कुक्कुडकोंबा. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो, हे तर सगळ्यांना माहीत आहे. पण तो तुमच्या गावात कधी ओरडायला लागतो? पूर्वी दिसायचा आणि आता दिसत नाही, असा एखादा पक्षी त्यांना आठवतो का? घाई करू नका, त्यांना बोलू द्या. ऐकलेलं सगळं वहीत टिपून आमच्याकडे पाठवा. आणि हो, ज्यांनी सांगितलं, त्यांची परवानगी घेऊन त्यांचं नावही शेजारी लिहा. आधी त्यांचं, मग तुमचं.