उणे पंचवीस अंशांतील पच्चक्खाण



माझ्या सर्वांत धाकट्या बहिणीचा मुलगा शांघायच्या एका विद्यापीठात अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. चिनी नववर्षाला जोडून तेथील विद्यापीठांना हिवाळ्याची दीर्घ सुटी असते. गेल्या सुटीत मायदेशी येण्याऐवजी बीजिंग, हार्बिन आणि शिआन या तीन शहरांचा प्रवास एकट्याने करण्याचा बेत त्याने आखला. बहिणीचा फोन आला, "दादा, तूच सांग रे त्याला. तिथे बर्फ, परकी माणसं, आणि हा तिविहार करणारा. खाणार काय आणि कधी?"

भाच्याने बाराव्या वर्षी पर्युषणात रात्रिभोजनत्यागाचा नियम घेतला होता. सूर्यास्तानंतर पाण्याखेरीज काही नाही. मुंबईच्या वसतिगृहात आणि नंतर शांघायमध्येही त्याने हा नियम सांभाळला, याचा आम्हा सर्वांना अभिमान होता. हा अभिमान आम्ही त्याच्यासमोर जरा अधिकच बोलून दाखवीत असू, हे आज लिहिताना जाणवते.

मी त्याला अडविले नाही. बँकेत आयुष्य घालविलेला माणूस अशा वेळी जे करतो ते मी केले. प्रवासाचा तक्ता मागितला. तारीख, गाडी, मुक्काम, खर्च, आणि शेवटच्या रकान्यात सूर्यास्त. तो शेवटचा रकाना पाहून मी थक्क झालो. चीन एवढा विस्तीर्ण देश, पण सर्वत्र घड्याळ एकच, बीजिंगचे. सूर्य मात्र सरकारी घड्याळ जुमानत नाही. जानेवारीच्या आरंभी सूर्य बीजिंगला पाचच्या सुमारास मावळतो, पश्चिमेकडच्या शिआनला पावणेसहाच्या आसपास आणि ईशान्येच्या हार्बिनला दुपारी चारलाच! चार वाजता जेवण आटोपायचे आणि पुढे पंधरा तासांहून लांब रात्र काढायची, तीही हाडे गोठविणाऱ्या थंडीत.

तक्त्याच्या खाली त्याने लिहिले होते, "रोख १,००० युआन जवळ ठेवणार." त्यावर मी शेरा मारला, "रोकड बाळगू नकोस, चोरीची जोखीम. सारे मोबाइलवरच ठेव. तिथे भाजीवालाही मोबाइलवरच पैसे घेतो." माझ्या या शेऱ्याकडे पुढे परत यायचे आहे.

बीजिंगचे चार दिवस आनंदात गेले. शांघायहून बीजिंग १,३१८ किलोमीटर. वेगवान गाडीने तो साडेचार-पाच तासांत पोहोचला. शहरापासून सुमारे ७० किलोमीटरवर मुतियान्यू येथे चीनची भिंत आहे. भिंतीच्या पायऱ्या एकसारख्या नाहीत. एक वीतभर, तर पुढची गुडघाभर, आणि त्यांवर गोठलेला बर्फ. हाताने दगड धरून चढताना, "मामा, शत्रुंजयाच्या पायऱ्या किती दयाळू आहेत हे इथे कळलं," असे त्याने कळविले. उन्हाळी राजवाड्याचे कुनमिंग सरोवर गोठून घट्ट झाले होते आणि त्याच्या पृष्ठावर आजोबा-नातवंडे घसरगाड्या खेळत होती.

आहाराची आम्हाला वाटत होती तेवढी अडचण आली नाही. चिनी बौद्ध भिक्षूंच्या परंपरेत केवळ मांसच नव्हे, तर कांदा, लसूण असे उग्र पदार्थही वर्ज्य असतात. त्यामुळे मोठ्या विहारांजवळच्या शाकाहारी भोजनालयांत बिनकांदा-लसणाचे अन्न मिळते. कंदमुळाविषयी मात्र स्वतः विचारून घ्यावे लागते. दुसरी सोय अधिक मोलाची, ती म्हणजे गरम पाणी. चिनी माणूस थंड पाणी सहसा पीत नाही. रेल्वेच्या प्रत्येक गाडीत, प्रत्येक स्थानकावर उकळत्या पाण्याचा नळ असतो आणि प्रवाशाच्या हातात झाकणाची बाटली. उकळलेल्या पाण्यासाठी आपल्या तपस्व्यांना प्रवासात किती आटापिटा करावा लागतो हे आपण जाणतो. तिकडे ते मागावेही लागत नाही.

मग तो हार्बिनला गेला. हेइलोंगजियांग प्रांताची ही राजधानी. १८९८ मध्ये रशियनांनी येथून लोहमार्ग बांधण्यास आरंभ केला आणि त्यातून हे शहर वाढले. म्हणून तेथे कांद्याच्या आकाराच्या घुमटाचे संत सोफियाचे चर्चही आहे. जानेवारीत सोंगहुआ नदी इतकी गोठते की तिच्यातून करवतीने बर्फाच्या लाद्या कापून काढतात. त्या लाद्या रचून मनोरे, राजवाडे, घसरगुंड्या उभारतात आणि आत रंगीत दिवे सोडतात. हा हिमोत्सव १९८५ पासून भरतो. त्याची शोभा अर्थातच अंधार पडल्यावर.

त्या दिवशी त्याने साडेतीनला खाकरे, थेपले आणि सुकामेवा खाऊन पाणी प्यायले व तो हिमनगरीत शिरला. तापमान उणे २५. तेथील बहुतेक लोक बदकाच्या पिसांचे कोट घालतात. याने ते घेतले नव्हते. लोकरीचे थर आणि वर कृत्रिम धाग्याचा कोट. बूटही चामड्याचे नव्हते. आठ वाजेपर्यंत तो छायाचित्रे काढीत फिरला आणि अचानक मोबाइल बंद पडला. कडाक्याच्या थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. वीज शिल्लक असूनही यंत्र मिटते. जोडीला नेलेली साठवणीची बॅटरी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात होती, तीही गोठलेली.

वाचकहो, त्या एका यंत्रात काय काय होते पाहा. हॉटेलचे नाव आणि पत्ता त्यातच. नकाशा त्यातच. गाडी बोलावण्याची सोय त्यातच, आणि माझ्या शेऱ्याप्रमाणे शेवटच्या युआनपर्यंत सारे पैसेही त्यातच. अंगरख्याच्या आत पारपत्र होते, खिशात एक नाणे नव्हते.

आलेल्या दाराने बाहेर न पडता तो दुसऱ्याच दाराने बाहेर आला होता. परत आत जाऊन कर्मचाऱ्यांना विचारावे, हे सहज सुचायला हवे होते. पण अतिथंडीत हातपायांबरोबर बुद्धीही बधिर होते. मोठा रस्ता सापडेल या आशेने तो चालत राहिला. पायांची बोटे आधी दुखत होती, मग दुखेनाशी झाली. दुखणे थांबले याचा त्याला बरे वाटल्यासारखा भास झाला. तीच खरी धोक्याची खूण होती.

एका वळणावर प्लास्टिकच्या जाड पडद्याचा आडोसा होता. आत पत्र्याच्या पिंपाची भट्टी आणि मागे एक वृद्ध स्त्री. भाजलेली रताळी हा उत्तर चीनमधील हिवाळ्याचा घरोघरचा खाऊ. भाच्याला कामापुरती चिनी येते, पण ओठ हलेनात. त्याने नुसता बंद मोबाइल दाखविला. तिने त्याला हाताला धरून भट्टीजवळ बसविले, मोबाइल घेऊन स्वतःच्या कोटाच्या आत, छातीशी ठेवला, आणि एक गरम रताळे कागदात गुंडाळून त्याच्या दोन्ही तळव्यांत दिले.

आपल्या शेजारच्या घरांत एकादशीला शिजणारे रताळे आमच्या घरात कधी आले नाही. ते अनंतकाय. वेळ रात्रीची. त्याने ते बराच वेळ हात शेकण्यापुरते धरले. अंगाला सुटलेला कंप थांबेना. ती खाण्याची खूण करीत राहिली. शेवटी त्याने ते खाल्ले, सबंध.

पंधरा-वीस मिनिटांनी मोबाइल ऊब मिळून जागा झाला. चाळीस टक्के वीज अजून शिल्लक होती! गाडी बोलावून निघताना त्याने पैसे देण्यासाठी भट्टीवर चिकटविलेल्या चौकोनी संकेतचित्रापुढे मोबाइल धरला. तिने त्या चित्रावर आपला तळहात ठेवला आणि तो तसाच धरून ठेवला. त्याची गाडी सुटेपर्यंत हात काढला नाही.

हे सारे मला कळले ते चार दिवसांनी. तो शिआनला पोहोचला होता आणि त्याचा फोन आला. "मामा, एक सांगायचं आहे. आईला सांगू नका." मग त्याने सांगितले. थंडीचे नाही, चुकलेल्या रस्त्याचे नाही. रताळ्याचे सांगताना त्याचा कंठ दाटला. "इतकी वर्षं पाळलं, आणि एका रात्रीत दोन्ही मोडलं. आईला काय तोंड दाखवू?"

मी काही क्षण बोलू शकलो नाही. एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा परमुलुखात मरणाच्या उंबऱ्यावरून परत आला होता आणि त्याला भय वाटत होते ते आमचे! नियमाचे बळ त्याला मिळावे म्हणून आम्ही त्याचे कौतुक केले. त्या कौतुकाचे त्याच्यावर कर्ज होऊन बसले होते. आणि ज्या चुकीमुळे ही वेळ आली ती त्याची नव्हतीच. त्याने १,००० युआन जवळ ठेवायचे ठरविले होते, ते काढायला लावणारा मी. सारी ठेव एकाच जागी ठेवू नये, हे पस्तीस वर्षे इतरांना शिकविणारा अधिकारी स्वतःच्या भाच्याला नेमके उलटे सांगून बसला होता. हे मी त्याला आधी सांगितले आणि क्षमा मागितली.

मग म्हणालो, "बाळा, पच्चक्खाण घेताना आपण आगार उच्चारतो, ते आठव." आपल्या प्रत्याख्यानाच्या पाठातच अपवाद घातलेले आहेत. विसरून घडले तर अनाभोग, अकस्मात घडले तर सहसाकार, विशेष कारणासाठी ज्येष्ठांच्या आज्ञेने घडले तर महत्तराकार, आणि तीव्र व्याधीने वा पीडेने चित्ताची समाधी ढळू लागली तर सर्वसमाधिप्रत्यय आगार. बँकेच्या करारात अपवादाचे कलम पळवाट म्हणून नसते. करार टिकावा म्हणून असते. हे पाठ रचणाऱ्या आचार्यांना माणसाचे शरीर ठाऊक होते. रोज सायंकाळी आपण हे शब्द म्हणतो, मुलांकडून पाठ करून घेतो, पण त्यांचा अर्थ क्वचितच सांगतो. मीही कधी सांगितला नव्हता.

"तुझा प्रसंग त्या आगारात बसतो की नाही, हे मी ठरविणार नाही. तेवढा माझा अधिकार नाही. इकडे आलास की महाराजसाहेबांपुढे सगळे जसेच्या तसे सांग, ते देतील ते प्रायश्चित्त घे. पण आईला आज सांग. खाल्लेल्याची आलोचना होते. लपविलेले मात्र मनात वाढत राहते."

तो त्या वेळी शिआनमध्ये महाहंस स्तूपाच्या प्रांगणात बसला होता. हा सात मजली स्तूप इ. स. ६५२ मध्ये बांधला गेला, तो युआन श्वांगने भारतातून आणलेल्या ग्रंथांच्या रक्षणासाठी. आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांतील ह्युएन त्संग तो हाच. तोही विद्यार्थीच होता. सरहद्द ओलांडण्यास बंदी असताना इ. स. ६२९ च्या सुमारास तो याच नगरातून एकटा निघाला. 'भारताला पोहोचेपर्यंत पूर्वेकडे एक पाऊलही टाकणार नाही' असा त्याचा नियम होता. वाळवंटात त्याच्या हातून पाण्याची पखाल सांडली, तेव्हा तो माघारी वळला, काही अंतर पूर्वेला चाललाही. मग नियम आठवून पुन्हा पश्चिमेकडे फिरला. चार रात्री पाच दिवस पाण्याविना काढले, असे त्याच्या चरित्रात आहे. एवढ्या दृढ पुरुषाचाही नियम काही कोस मोडला होता आणि चरित्रकाराने ते लपविले नाही. भाच्याला मी हे सांगितले तेव्हा तो प्रथमच थोडा हसला.

हाच युआन श्वांग पुढे दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात आला. त्याच पुलकेशीच्या आश्रयाने जैन कवी रविकीर्तीने इ. स. ६३४ मध्ये ऐहोळेचे मंदिर उभारले व तेथे प्रसिद्ध शिलालेख कोरविला. महाराष्ट्रातील माणसे अपमान विसरत नाहीत आणि उपकारही विसरत नाहीत, अशा आशयाची नोंद त्या यात्रिकाने केली आहे. ती खरी ठरविण्याची पाळी आता आमच्या घरावर आहे. त्या वृद्धेचे नाव भाच्याने विचारले नाही; त्या अवस्थेत सुचलेच नाही. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा हार्बिनला जाऊन तो आडोसा शोधायचा असे त्याने ठरविले आहे.

त्याने त्याच रात्री आईला फोन केला. बहिणीने सारे ऐकून घेतले. रडलीही असेल, ते मला सांगितले नाही. तिने एकच प्रश्न विचारला म्हणे, "रताळं गरम होतं ना रे?"

आपल्यापैकी अनेकांची मुले आज परदेशी शिकतात, सुटीत दूरदूर हिंडतात. त्यांनी हिंडावे. निघताना त्यांच्या आतल्या खिशात थोडी रोकड असू द्या, मुक्कामाचा पत्ता त्या देशाच्या लिपीत कागदावर लिहून द्या, आणि थंडीच्या मुलुखात मोबाइल अंगालगत ठेवायला सांगा. नियमांची यादी देताना त्यांचे आगारही अर्थासह समजावून द्या. आणि एवढे मात्र अवश्य सांगा, की रस्त्यात काहीही घडले तरी पहिला फोन घरी करायचा.

जय जिनेंद्र.